पाटी लवकर पालथी घालणारी मुले : ग्रामीण विदर्भातील प्राथमिक शाळेत समृद्धीकरणाचे वर्षभराचे काम

सतरा वर्षांपूर्वी माझ्या वर्गात चौथीत एक मुलगी होती. भागाकाराची दहा उदाहरणे ती इतरांची तीन होण्याआधी सोडवून मोकळी होत असे. मी कौतुकाने तिला आणखी दहा देई, आणि तीही झाली की आणखी दहा. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती वर्गात सर्वांत शेवटी पाटी दाखवू लागली. तिचे लक्ष उडाले असे मी धरून चाललो होतो. एके दिवशी मागच्या बाजूने गेलो तेव्हा दिसले की तिची दहाही उदाहरणे केव्हाच झाली आहेत आणि पाटी पालथी घालून ती तिच्यावर चिंचोक्यांचे त्रिकोण मांडते आहे. विचारल्यावर म्हणाली, "सर, लवकर केलं तं तुम्ही अजून तेच देता न."

त्या एका वाक्याने मला माझी चूक कळली. हा लेख तीच चूक करणाऱ्या शिक्षकांसाठी आणि अशा मुलांच्या आईवडिलांसाठी आहे. आपल्याकडच्या द्विशिक्षकी शाळांत एका खोलीत दोन-दोन वर्ग बसतात आणि शिक्षकाचे लक्ष ज्यांना अजून वाचता येत नाही त्यांच्याकडे जाते. ते योग्यच आहे. परंतु ज्याला सगळे येते ते मूलही त्याच खोलीत बसलेले असते, आणि त्याला दिवसभरात नवे काहीच मिळाले नाही तर तेही शाळेपासून तुटते. समृद्धीकरण म्हणजे अशा मुलाला अधिक काम देणे नव्हे, तर अधिक खोल काम देणे. त्यासाठी शहर, शिकवणी किंवा मोठा निधी लागत नाही. वर्षाची नीट आखणी मात्र लागते. पुढे ती आखणी शाळेच्या वर्षाच्या क्रमानेच दिली आहे.

पहिले काम : शाळा उघडल्यापासून पोळ्यापर्यंत फक्त पाहणे

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तेव्हापासून पोळ्यापर्यंतच्या आठवड्यांत कोणतीही चाचणी न घेता केवळ नोंदी कराव्यात. एक शंभर पानी वही घ्यावी, प्रत्येक मुलाला दोन पाने द्यावीत आणि रोज शाळा सुटताना दोन-तीन ओळी लिहाव्यात. नोंदीत मत लिहू नये, घडलेले लिहावे. "हुशार आहे" या शब्दांचा सहा महिन्यांनंतर काही उपयोग होत नाही. "पाऊस मोजायला ठेवलेल्या बाटलीचे तोंड रुंद असले तर आकडा बदलेल का, असे विचारले" ही नोंद मात्र त्या मुलाला पुढे काय द्यायचे तेही सांगते.

काय पाहावे? मूल आपण शिकवलेली रीत सोडून स्वतःची आखूड रीत शोधते का, एका विषयातले दुसऱ्या विषयात लावते का, नियम सांगितल्यावर "असं नसलं तं?" असा अपवाद काढते का, आट्यापाट्या खेळताना नवे नियम करून ते दहा जणांना मान्य करायला लावते का, आवडलेल्या कामाला सुट्टीची घंटा झाली तरी चिकटून राहते का. चटकन उत्तर देणारे आणि खोल विचार करणारे मूल एकच असेल असे नाही. काही मुले उशिरा बोलतात, कारण त्यांना प्रश्नातच दोन अर्थ दिसलेले असतात.

अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ साली मांडलेला विचार मला या पाहणीत सर्वाधिक उपयोगी पडला आहे. सरासरीहून वरची क्षमता, हाती घेतलेल्या कामातली चिकाटी आणि सर्जनशीलता ही तीन वर्तुळे जिथे एकमेकांना छेदतात तिथे प्रज्ञावान वर्तन दिसते, असे ते म्हणतात. यात चिकाटीला दिलेले स्थान मोलाचे आहे, कारण ती गुणपत्रिकेत दिसत नाही. ती मुलाला आवडीचे काम दिल्यावरच दिसते. केवळ एका चाचणीच्या आकड्यावर भिस्त ठेवली तर काय होते, याचे उदाहरणही प्रसिद्ध आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये बुद्धिगुणांकाच्या आधारे मुले निवडून त्यांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. त्या निवडीत न बसलेल्या मुलांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ हे दोघे होते, आणि पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या भागात कोणती मुले नजरेतून सुटतात, याचा विचार वेगळा करावा लागतो. ज्यांच्या घरी कोलामी, गोंडी, माडिया, कोरकू किंवा गोरमाटी बोलली जाते त्यांची पुस्तकी मराठी अडखळते, आणि ते अडखळणे आपण बुद्धीच्या खात्यावर मांडतो. अशा मुलाला प्रश्न त्याच्या भाषेत समजावून द्यावा, उत्तर कृतीतून किंवा चित्रातून घ्यावे आणि मगच नोंद करावी. ज्याची वऱ्हाडी किंवा झाडीबोली रोखठोक आहे त्याचे "मले", "तुले", "काहून" ऐकून त्याला मागे बसवण्याची चूक तर अजूनही होते. दिवाळीच्या आसपास कापसाची वेचणी सुरू झाली की मोठ्या बहिणी धाकट्यांना सांभाळायला घरी राहतात. त्यांच्या गैरहजेरीला आळस समजू नये. आणि पोळ्याच्या दिवशी गावात तोरणाखाली अवश्य उभे राहावे. झडत्या, म्हणजे पोळ्याची यमकबद्ध कवने, म्हणणाऱ्या मोठ्यांच्या मागे उभे राहून यमक जुळवणारा, दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल घेऊन स्वतःची झडती ठोकून देणारा पोरगा वर्गात भाषेच्या तासाला गप्प बसत असेल, तर दोष आपल्या तासाकडे शोधावा.

ज्याचे अक्षर वाईट आहे, ज्याला वाचन जड जाते, पण तोंडी गणित झपाट्याने येते अशा मुलाची नोंद दुहेरी करावी. प्रज्ञा आणि अध्ययन अक्षमता एकाच मुलात असू शकतात, आणि मग दोन्ही एकमेकांना झाकतात. अशा मुलासाठी गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांशी बोलावे, आणि तोवर त्याची उत्तरे तोंडी घ्यायला लागावे.

दुसरे काम : अभ्यासक्रम आटवणे

पोळ्यानंतर वहीतून चार-पाच नावे वर येतात. त्यांना नवे काही द्यायचे तर आधी वेळ मोकळा करावा लागतो, आणि तो मुलाला आधीच येणाऱ्या भागातूनच काढता येतो. दूध आटवताना पाणी जाते, दूध राहते. अभ्यासक्रमाचेही तसेच करायचे असते.

रीत सोपी आहे. घटक सुरू करण्याच्या आदल्या दिवशी त्या घटकाच्या शेवटची, सर्वांत अवघड अशी पाच उदाहरणे निवडावीत आणि इच्छा असेल त्या कोणत्याही मुलाला ती सोडवू द्यावीत. "इच्छा असेल त्या कोणत्याही" हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण दरवेळी एखादे अनपेक्षित मूल पुढे येते. पाचपैकी चार बरोबर आली आणि रीत सांगता आली, तर त्या मुलाला तो घटक येतो असे धरावे. चुकलेल्या एका उदाहरणातून नेमकी उणीव कोणती ते पाहावे आणि तेवढ्यासाठीच त्याला वर्गासोबत बसवावे. पाचवीतील अपूर्णांकांच्या घटकाला मला आठ तासिका लागतात. गेल्या वर्षी एका मुलाला त्यातल्या छेद समान करण्याच्या दोनच तासिका हव्या होत्या, म्हणजे त्याच्या सहा तासिका मोकळ्या झाल्या. हे सर्व एका कागदावर तारखेसह लिहून ठेवावे. उद्या केंद्रप्रमुखांनी "हा मुलगा वर्ग सोडून काय करतो आहे?" असे विचारले, तर तो कागद पुढे करता येतो.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. मोकळा झालेला वेळ मागच्या मुलांना शिकवण्यात घालवायला लावू नये. आठवड्यातून एखादे वेळी समजावून सांगणे चांगले आहे, त्याने दोघांचाही फायदा होतो. पण रोजचा बिनपगारी मदतनीस झालेल्या मुलाचे स्वतःचे शिकणे थांबते. दुसरे, त्याच पातळीची अधिक उदाहरणे देऊ नयेत. त्याचे काय होते ते मी वर सांगितलेच आहे.

एखादे मूल एकाच विषयात वर्षभर पुढे असेल तर बहुवर्ग शाळेत आपल्याला एक सोय आयतीच मिळते : चौथीचे मूल त्या तासिकेपुरते पाचवीच्या रांगेत बसू शकते. त्यासाठी कोणाची मंजुरी लागत नाही. संपूर्ण इयत्ता ओलांडण्याचा आग्रह मात्र धरू नये. गणितात पुढे असलेल्या आठ वर्षांच्या मुलाचे मन आणि हात आठ वर्षांचेच असतात.

तिसरे काम : शोधपेटी आणि तिची वेळ

मोकळा वेळ आणि रिकामी जागा एवढ्याने काही होत नाही. खोलीच्या एका कोपऱ्यात एक पत्र्याची पेटी ठेवावी. आमच्या पेटीत शिंप्याची फीत, सुतळी, ओळंबा, भिंग, स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, दोन तापमापी, आलेखाच्या वह्या, होकायंत्र, जुनी वर्तमानपत्रे, तालुक्याचा नकाशा, सायकलच्या चाकाच्या तारा, चुंबक आणि बालभारतीच्या किशोर मासिकाचे जुने अंक आहेत. किशोर १९७१ पासून निघते आणि खेड्यातल्या मुलाला स्वतःच्या भाषेत वाचायला मिळणाऱ्या चांगल्या गोष्टींत त्याचे स्थान फार वरचे आहे. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करण्याचे अरविंद गुप्ता यांचे साहित्य इंटरनेटवर विनामूल्य आहे, त्यात मराठीही पुष्कळ आहे. शिक्षकाने घरी मोबाइलवर पाहून येऊन वर्गात वस्तू करायला द्यावी.

रेन्झुली यांनीच १९७७ मध्ये समृद्धीकरणाचे तीन प्रकार सांगितले, आणि मी पेटीतले काम त्याच क्रमाने देतो. आधी ओळख : गावातला मोटार रिवाइंडिंग करणारा, पशुधन पर्यवेक्षक, आशाताई, सुतार यांना शाळेत बोलावून अर्धा तास काम दाखवायला सांगणे. हे सर्व मुलांसाठी असते, कारण कोणाला कशाची गोडी लागेल ते आधी सांगता येत नाही. मग कौशल्ये : मोजणे, नोंदवणे, तक्ता करणे, मुलाखत घेणे, शंका नीट मांडणे. आणि शेवटी मुलाचा स्वतःचा शोध, ज्याचे उत्तर शिक्षकालाही ठाऊक नसते. पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट "प्रकल्प कर" म्हटले की मूल थर्माकोलवर चित्रे चिकटवून आणते.

हाताच्या कामातून शिकण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतूनच गांधीजींच्या नई तालीमचा विचार देशभर गेला आणि सेवाग्रामात तो प्रत्यक्ष शाळेत उतरला.

चौथे काम : प्रत्यक्ष तीन नमुने

पहिला नमुना बिनखर्चाचा आहे. नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिक्षक असलेले द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये ६१७४ या संख्येचा गुण शोधला. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी, चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडून मिळालेल्या संख्येतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी. उत्तरावर पुन्हा तेच करावे. ३५२४ घेतले तर ५४३२ मधून २३४५ गेले, ३०८७ राहिले. ८७३० मधून ०३७८ गेले, ८३५२ राहिले. ८५३२ मधून २३५८ गेले, ६१७४ राहिले. यापुढे कितीही केले तरी ६१७४ च येते, आणि कोणत्याही संख्येला तिथे पोहोचायला सातपेक्षा अधिक पायऱ्या लागत नाहीत.

इथवर सर्व वर्गाला हातच्याच्या वजाबाकीचा सराव होतो. समृद्धीकरण यापुढे सुरू होते, आणि इथे शिक्षकाने तोंड आवरले पाहिजे. "तीन अंकी घेतली तर?" एवढाच प्रश्न फळ्यावर लिहून ठेवावा. दोन दिवसांत कोणीतरी ४९५ घेऊन येते. मग "दोन अंकी?" इथे मुले गोंधळतात, कारण एक संख्या सापडतच नाही, ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ असे चक्र फिरत राहते. पाचवीतल्या एका मुलाने हे चक्र वहीत गोल काढून दाखवले आणि म्हणाला, "सर, हे बंदे नऊच्या पाढ्यातले आहेत. काहून?" मी उत्तर दिले नाही, त्याला काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या दिल्या. ७२ चे २७ करायचे तर काय काय हलते, ते तो तीन दिवस जमिनीवर मांडत होता. शेवटी त्याने दाखवले की दशकातली एक काडी एककात आणली की नऊ कमी होतात, आणि एककातली दशकात नेली की नऊ वाढतात, म्हणून फरक नेहमी नवांचाच राहतो. पुढे बीजगणितात ज्याला तो नऊ गुणिले अंकांतील फरक म्हणेल, ते त्याच्या हाताने आधी करून झाले होते.

दुसरा नमुना कापसाचा आहे. गुलाबी बोंडअळीच्या पाहणीसाठी शेतात कामगंध सापळे लावतात. त्यातल्या ल्युरच्या, म्हणजे मादी पतंगासारखा गंध सोडणाऱ्या गोळीच्या, गंधाने नर पतंग येऊन अडकतात. निरीक्षणासाठी एकरी दोन सापळे लावण्याची शिफारस आहे, आणि एका सापळ्यात रोज आठ किंवा अधिक पतंग असे सलग तीन रात्री आढळले, तर किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे मानतात. सहावी-सातवीतल्या मुलाला यात वर्षभर पुरेल एवढे गणित आणि विज्ञान आहे. पेरणीनंतर दीड महिन्याने, एखाद्या पालकाच्या शाळेलगतच्या शेतात, पिकाच्या शेंड्याहून थोडे उंच असे तीन सापळे लावावेत : एक बांधाजवळ, एक मधोमध, एक जिनिंग किंवा जुन्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या, गंजीच्या बाजूला. रोज सकाळी शाळेत येताना मोजून तक्ता भरावा. पाऊस, ढग आणि चंद्राची कला यांचे रकाने जोडावेत.

काही आठवड्यांत प्रश्न आपोआप उठतात. एका सापळ्यात बारा आणि उरलेल्या दोनांत चार-चार पतंग निघाले, तर सरासरी सात सुद्धा भरत नाही. मग पातळी ओलांडली म्हणायचे की नाही? सरासरी म्हणजे काय, ती काय लपवते, एखादा आकडा का फुगतो हे समजायला याहून चांगला धडा मला माहीत नाही. मुलीने काढलेला आलेख बापाने चावडीवर नेऊन चार जणांना दाखवला आणि शेजारच्या शेतकऱ्याने "माह्याही वावरात लाव बरं" म्हणून निरोप पाठवला, ही गोष्ट माझ्या शाळेत घडलेली आहे.

एका बाबतीत मात्र तडजोड करू नये. फवारणी झालेल्या वावरात मुलांना पाऊल ठेवू देऊ नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. शेतमालकाकडून फवारणीच्या तारखा लेखी घ्याव्यात, औषधाच्या पत्रकात सांगितलेला कालावधी उलटेपर्यंत त्या शेतातली मोजणी बंद ठेवावी, हातमोजे घालून सापळा रिकामा करावा आणि त्यानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडू देऊ नये. मोजणी खंडित झाली तर तक्त्यात तसे लिहावे. खाडे प्रामाणिकपणे दाखवणे हाही शास्त्राचाच भाग आहे.

तिसरा नमुना अंगणात उभ्या केलेल्या काठीचा. ओळंब्याने सरळ केलेली मीटरभर काठी रोवून, दर महिन्याच्या २१ तारखेला साडेअकरा ते पाऊण या वेळात दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक खडूने खुणावे. सर्वांत आखूड सावली बारा वाजता पडेल अशी मुलांची खात्री असते, आणि ती पडत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरची आहे. यवतमाळ सुमारे ७८ अंशांवर, म्हणजे साडेचार अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटे धरली तर आपली माध्यान्ह सतरा-अठरा मिनिटांनी उशिरा यायला हवी. चौकस मुलाला वर्षभराच्या नोंदींत याहूनही गूढ गोष्ट सापडते : फेब्रुवारीत माध्यान्ह साडेबाराच्या आसपास येते, तर नोव्हेंबरात ती बारानंतर थोड्याच मिनिटांत उरकते. त्याचे कारण पृथ्वीच्या कललेल्या आसात आणि लंबवर्तुळाकार कक्षेत आहे, आणि ते कारण आठवीपर्यंत राखून ठेवले तरी चालते. आधी नोंद त्याच्या हातची असावी.

रात्रीच्या आकाशाच्या बाबतीत तर आपण शहरातल्या मुलांहून श्रीमंत आहोत. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. पण आकाशगंगेचा पट्टा पाहायला गावाबाहेरचा माळही पुरतो. सहल काढायचीच असेल तर बुलडाणा जिल्ह्यातले लोणारचे उल्काघाती सरोवर किंवा नागपूरचे रमण विज्ञान केंद्र निवडावे, आणि जाण्याआधी प्रत्येक मुलाने तीन प्रश्न लिहून घ्यावेत. ज्यांचा कल भाषेकडे आहे त्यांना आजीकडून शेतीच्या अवजारांचे, पाखरांचे, पावसाच्या प्रकारांचे शब्द गोळा करून कोश करायला सांगावे. कोलामी बोलणारी मुलगी अशा कामात शिक्षकाची शिक्षिका होते, आणि तिच्या चेहऱ्यावर ते दिसते.

पाचवे काम : सोबत मिळवून देणे

वीस पटाच्या शाळेत अशा मुलाला स्वतःसारखे दुसरे मूल भेटत नाही, आणि हा एकटेपणा त्याला आपल्या समजुतीपेक्षा अधिक जाचतो. महिन्याच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत चार शाळांच्या शिक्षकांनी ठरवून, महिन्यातल्या एका शनिवारी सकाळच्या शाळेनंतर दोन तास आठ-दहा मुलांना एकत्र आणावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये विशेष गती असलेल्या मुलांसाठी शाळा आणि शाळासमूहांच्या पातळीवर विषयवार मंडळे काढण्याचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र देताना त्याचा आधार घेता येतो. शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात प्रवासाची जबाबदारी आणि सोबत जाणाऱ्या पालकाचे नाव लिहून घ्यावे. मुलींच्या बाबतीत हे ठरल्याशिवाय घरचे पाठवत नाहीत, आणि त्यांचे बरोबर आहे. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने १९६२ पासून प्रज्ञावान मुलांच्या शिक्षणाचे काम महाराष्ट्रात रुजवले. त्यांच्या अनुभवावरून आमच्या शनिवारच्या मंडळात मी घेतलेली एक गोष्ट म्हणजे, बुद्धीच्या कामासोबत गावाच्या उपयोगाचे काम असलेच पाहिजे.

सहावे काम : परीक्षांना त्यांच्या जागी ठेवणे

पालक शाळेत येतात ते बहुधा नवोदयचे, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेचे, विचारायला. जवाहर नवोदय विद्यालयांची योजना १९८५-८६ मध्ये ज्या दोन ठिकाणी सुरू झाली त्यांतले एक अमरावती, म्हणून विदर्भात तिचे आकर्षण जुने आहे. सहावीच्या प्रवेशासाठी मूल त्याच जिल्ह्यात पाचवीत शिकत असावे लागते, संधी एकदाच मिळते आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. दोन तासांत ८० प्रश्न, १०० गुण. त्यांत मानसिक क्षमतेचे ४०, अंकगणिताचे २० आणि भाषेचे २० प्रश्न. परीक्षा मराठीतून देता येते. निवड झाल्यास दहा-अकरा वर्षांचे मूल वसतिगृहात जाते. म्हणून अर्ज भरण्याआधी त्या मुलाला शांतपणे विचारावे, आणि त्याने नकार दिला तर तो मानावा.

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा २०१६-१७ पासून पाचवी आणि आठवीला होत आली. ती पुन्हा चौथी आणि सातवीला नेण्याचा निर्णय शासनाने घेतल्यामुळे त्या-त्या वर्षाची अधिसूचना पाहूनच तयारी ठरवावी. आठवीतील एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतील मुलांच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीच्या, परीक्षेकडे गरीब घरांनी विशेष लक्ष द्यावे : पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपर्यंत असल्यास आणि मूल शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत असल्यास, निवडीनंतर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. मुलीचे लग्न की अकरावी, हा प्रश्न या रकमेने काही घरांत सोडवलेला मी पाहिला आहे. सहावी आणि नववीसाठी होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे, तिच्यात लेखी परीक्षेनंतर प्रात्यक्षिक आणि प्रकल्पही असतो; आणि सहावीपासूनच्या मुलांना केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक या विज्ञान-कल्पनांच्या योजनेत शाळेमार्फत कल्पना पाठवता येते, निवडलेल्या कल्पनेला १०,००० रुपये मिळतात. सापळ्यांचा तक्ता असलेल्या मुलीला तिथे नवी कल्पना शोधत बसावे लागत नाही.

तयारीसाठी शेवटचे तीन महिने, रोज चाळीस मिनिटे पुरतात. उत्तरपत्रिकेतली वर्तुळे काळी करण्याचा सराव वेगळा घ्यावा, कारण आपली मुले उत्तर येत असूनही तिथे गुण गमावतात. तिसरीपासून प्रश्नसंच सोडवून घेणाऱ्या वर्गांना माझा विरोध आहे. त्यांतून आलेली मुले चार पर्याय दिल्याशिवाय विचार सुरूच करत नाहीत.

सातवे काम : घरच्यांशी बोलणे

"सर, पोरगी दिवसभर काहून-काहून करत रायते, डोकं उठवते," अशी तक्रार घेऊन येणाऱ्या आईला आधी हे सांगावे की तिची मुलगी वाया गेलेली नाही. उत्तर येत नसेल तर "मलेही माहीत नाही, उद्या सरांना विचारू" म्हणणे पुरेसे आहे. फक्त "गप बस" म्हणू नये. कापूस मोजताना, बियाण्याचा हिशेब करताना, बाजाराची यादी करताना तिला सोबत घ्यावे आणि आकडे तिला सांगू द्यावेत. घरकामाची वाटणी भावासोबत करून तिला रोज एक तास सलग मिळवून द्यावा. हे बोलायला मी शाळेत बोलावत नाही, संध्याकाळी घरी जातो, म्हणजे आजीही ऐकते.

कौतुकाच्या बाबतीत एक सावधगिरी आहे. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी पाचवीच्या वयाच्या मुलांवर केलेले प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. "तू हुशार आहेस" अशी शाबासकी मिळालेल्या मुलांनी पुढे सोपी कामे निवडली आणि अपयशानंतर त्यांची कामगिरी घसरली; मेहनतीचे कौतुक झालेली मुले अवघड कामाकडे वळली. म्हणून गावात "आमच्या शाळेचा हिरा" वगैरे म्हणत फिरू नये. "तू तीन दिवस काड्या मांडत राहिलास, म्हणून सापडलं," असे नेमके सांगावे. आणि वर्षातून दोन-तीनदा तरी त्या मुलाला जमणार नाही असे काम जाणूनबुजून द्यावे. चौथीपर्यंत कधीच न अडलेले मूल आठवीत पहिल्यांदा अडले की रडते, चिडते आणि तो विषयच सोडून देते.

शेवटचे काम : कागद पुढे पोहोचवणे

आपल्याकडे चौथी, पाचवी किंवा सातवीनंतर मूल दुसऱ्या गावच्या शाळेत जाते आणि पाच वर्षांच्या नोंदी आपल्या कपाटात राहतात. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक अशा मुलासाठी एक पान लिहावे : काय येते, कशात पुढे आहे, कशात अडते, घरची भाषा आणि परिस्थिती, आवडलेले काम, आणि सर्वांत खाली त्याचा अजून न सुटलेला प्रश्न. जूनअखेर शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात हे पान आणि त्याच्या वह्या घेऊन स्वतः त्या शाळेत जावे, वर्गशिक्षकांना आणि विज्ञान-गणिताच्या शिक्षकांना भेटावे. पोस्टाने पाठवलेले पान फायलीत लागते.

गेल्या जूनमध्ये मी अशी तीन पाने घेऊन गेलो होतो. एकाच्या तळाशी लिहिले होते : "बांधाजवळच्या सापळ्यात पतंग जास्त का सापडतात? वाऱ्याची दिशा अजून नोंदवलेली नाही." तिथल्या विज्ञानाच्या मॅडमनी ते वाचून वर पाहिले आणि विचारले, "ही मुलगी आज आली आहे का?"